थायलंडमधील वास्तव्य : कायद्याचे सापळे आणि ‘चहापाण्या’ची किंमत

- खास प्रतिनिधी

बँकॉक, पट्टाया, फुकेत ही नावे मराठी पर्यटकाला आता परकी राहिलेली नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाविना प्रवेश खुला केला आणि सहलींचा ओघ आणखी वाढला. सहलीहून परतलेल्यांपैकी काहींच्या मनात तेथे सदनिका घेण्याचा, उपाहारगृह थाटण्याचा किंवा नोकरी करण्याचा विचार घोळू लागतो. मात्र पर्यटकाचे हसतमुखाने स्वागत करणारा हा देश रहिवासी परकीयाला काटेकोर चौकटीत ठेवतो. ही चौकट ठाऊक नसेल, तर आयुष्यभराची पुंजीच नव्हे, स्वातंत्र्यही गमावण्याची वेळ येऊ शकते.

जमीन परक्याची नव्हे

१९५४ च्या जमीन कायद्यानुसार परकीय व्यक्तीला थायलंडमध्ये सर्वसाधारणपणे जमीन विकत घेता येत नाही. किमान ४ कोटी बाहतची विहित गुंतवणूक करणाऱ्यास गृहमंत्र्यांच्या परवानगीने निवासासाठी एक राई, म्हणजे १,६०० चौरस मीटर जमीन मिळू शकते. पण तो अपवाद झाला. सदनिका घेता येते, तीही इमारतीतील सर्व सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्के मर्यादेतच. त्यासाठीचा पैसा परदेशातून आणल्याचा बँकेचा पुरावाही लागतो.

निवासी जमिनीचा भाडेपट्टा जास्तीत जास्त ३० वर्षांचा असतो. तीन वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा भूमी कार्यालयात नोंदविला नाही, तर तो तीन वर्षांपुरताच बजावता येतो. ‘तीस अधिक तीस अधिक तीस’ अशा ९० वर्षांच्या जाहिराती अनेकांना भुरळ घालतात. प्रत्यक्षात कायद्याचे पाठबळ पहिल्या तीस वर्षांनाच असते. पुढचे सारे आश्वासनांवर अवलंबून राहते.

थाई पत्नीच्या नावे जमीन घेणाऱ्यांची अवस्था अधिक नाजूक असते. खरेदीच्या वेळी हा पैसा पत्नीचाच आहे, असे पतीला लिहून द्यावे लागते. उद्या संसार मोडला, तर पैसे कोणी भरले या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच सहीने आधी दिलेले असते.

बेनामी भागीदार

१९९९ च्या परकीय व्यवसाय कायद्याने अनेक व्यवसाय थाई नागरिकांसाठी राखून ठेवले आहेत. यावर पळवाट म्हणून ५१ टक्के समभाग थाई व्यक्तींच्या नावे दाखवून सूत्रे परकीयाच्या हाती ठेवली जातात. आपल्याकडे ज्याला ‘बेनामी’ म्हणतात, तोच हा प्रकार. या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख ते दहा लाख बाहत दंड आहे. शिक्षा नाव देणाऱ्यालाही होते आणि घेणाऱ्यालाही.

वर्षानुवर्षे डोळेझाक झाली म्हणून धोका टळत नाही. २८ मार्च २०२५ च्या भूकंपात बँकॉकमध्ये शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाची बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळली. त्यानंतर बांधकामातील चिनी कंपनीचे थाई भागधारक खरे की नावापुरते, याची चौकशी सुरू झाली आणि एका चिनी अधिकाऱ्याला अटकही झाली.

परवाना आणि नोंदी

कामाच्या परवान्याविना काम केल्यास ५ हजार ते ५० हजार बाहत दंड आणि हद्दपारी होऊ शकते. पर्यटक मार्गदर्शक, केशकर्तन, फेरीविक्री अशी कामे परकीयांना वर्ज्य आहेत. दीर्घकाळ राहणाऱ्यास दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. घरमालकाने परकीय भाडेकरूची माहिती २४ तासांत द्यायची असते; त्याने ती दिली नाही, तर पुढे खोळंबा भाडेकरूचा होतो.

मुदतीनंतर राहिल्यास दिवसाला ५०० बाहत, कमाल २० हजार बाहत दंड आहे. २० मार्च २०१६ पासून त्याला प्रवेशबंदीची जोड मिळाली. मुदत उलटलेली व्यक्ती पकडली गेली, तर किमान पाच वर्षे देशात पाऊल ठेवता येत नाही.

शब्दांची शिक्षा

दंडसंहितेच्या कलम ११२ नुसार राजघराण्याच्या अवमानाला तीन ते पंधरा वर्षे कैद आहे आणि परकीयांना त्यातून सूट नाही. ऑस्ट्रेलियन लेखक हॅरी निकोलायडिस यांना आपल्या कादंबरीतील मजकुरापायी जानेवारी २००९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली; पुढे राजाने त्यांना माफी दिली. साधी बदनामीही तेथे फौजदारी गुन्हा आहे. २०२० मध्ये एका हॉटेलविषयी इंटरनेटवर प्रतिकूल अभिप्राय लिहिणाऱ्या अमेरिकन रहिवाशाला कोठडीची हवा खावी लागली होती.

‘चहापाणी’

लाचेला थाई बोलीत ‘खा नाम छा’, म्हणजे चहाचे पैसे, असे म्हणतात. मराठी माणसाला अर्थ सांगावा लागणार नाही. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या निर्देशांकात थायलंडला १०० पैकी ३४ गुण मिळाले होते, भारताला ३८. नियम जितके गुंतागुंतीचे, तितकी चिरीमिरीला जागा अधिक. जानेवारी २०२३ मध्ये तैवानच्या एका अभिनेत्रीला बँकॉकमधील नाक्यावर अडवून, तिच्याजवळील ई-सिगारेटवरून २७ हजार बाहत उकळल्याचे प्रकरण गाजले. आधी इन्कार करणाऱ्या पोलीस खात्याला अखेर आपल्याच कर्मचाऱ्यांवर कारवाई करावी लागली.

मात्र लाच देणाराही गुन्हेगारच ठरतो. कलम १४४ नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय चिरीमिरीने मूळ त्रुटी दूर होत नाही. अधिकारी बदलला की तीच त्रुटी पुन्हा पुढे येते.

नोकरीचे आमिष

बँकॉकमधील नोकरीच्या नावाखाली तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपणे, हा सर्वांत भयंकर सापळा होय. मार्च २०२५ मध्ये भारताने अशा ५४९ नागरिकांना थायलंडमधील माए सोत येथून हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणले.

सावधगिरी कोणती?

तिकिटापूर्वी कामाचा व्हिसा आणि मालकाची नोंदणी तपासावी. ‘आधी पर्यटक म्हणून या’ असे सांगणारा दलाल टाळावा. जमीन व्यवहारात विक्रेत्याने सुचविलेला नव्हे, तर स्वतंत्र वकील नेमावा. न समजणाऱ्या थाई कागदावर सही करू नये. फौजदारी प्रकरणात दुभाषा मिळण्याचा हक्क आहे. दंड भरल्यास पावती मागावी. अडचणीत पर्यटक पोलिसांच्या ११५५ या क्रमांकावर, तसेच बँकॉकमधील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सल्ल्यापेक्षा दूतावासाची ताजी सूचना प्रमाण मानणे श्रेयस्कर.