उघडता येणारी मोटर

विल्यम स्टर्जन हा मूळचा मोचीकामात उमेदवारी केलेला इंग्रज. १८३२ मध्ये त्याने कम्युटेटर असलेली विजेची मोटर बनवली. १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने रिमोटवरची पोर्श ९३४ बाजारात आणली, तेव्हाही तत्त्व कम्युटेटरचेच होते; आता त्याच्या फिरत्या तांब्यावर कार्बन घासत होते.

घासणारी वस्तू झिजणारच. पण या गाड्यांतली ५४० आकाराची साधी मोटर पत्र्यात बंद असते. कार्बन संपले की मोटरच बदलायची. शर्यतीच्या अनेक मोटरींत मात्र नुसते कार्बन बदलता येतात.

माझ्या मुलाच्या गाडीत अशीच उघडणारी मोटर होती. कार्बनसाठी कंपनीला ई-मेल पाठवला; सात आठवडे उत्तर नाही. शेवटी मोहल्ल्यातल्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्या चाचांनी मिक्सरचे कार्बन कानशीने घासून बसवले, काळवंडलेला कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने पुसला, दोन्ही बुशांत तेलाचा एकेक थेंब सोडला. कम्युटेटरला तेल लागू दिले नाही. गाडी धावली.

कंपनीचे उत्तर नंतर आले: ‘नवी मोटर घ्या.’

म्हणून मोटर घेताना वेगाआधी एवढे विचारा: ही उघडता येते का?