लुगडे, पातळ, सदरा : कामकरी आईच्या वस्त्राविषयी

बालाघाटाच्या डोंगररांगेत, सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेले येरमाळा हे कळंब तालुक्यातील गाव येडेश्वरीच्या यात्रेमुळे सर्वपरिचित आहे. चैत्र पौर्णिमेच्या गर्दीत देवीच्या ओटीसाठी लुगडे आणि खण घेऊन डोंगर चढणाऱ्या बायकांच्या अंगावरील वस्त्रांकडे आम्ही दोघी गेली काही वर्षे मुद्दाम पाहत आलो आहोत. आजी नऊवारीत, तिची सून पॉलिस्टरच्या गोल साडीत, नात पंजाबी ड्रेसमध्ये. देवीसाठी निवडलेले वस्त्र मात्र बहुधा आजीचेच. या तीन पिढ्यांच्या वस्त्रांतून कोणता इतिहास वाचता येईल, हा या टिपणाचा विषय आहे.

मराठी साहित्याने पदराविषयी अमाप लिहिले आहे. मायेचा पदर, ढळलेला पदर, डोळ्यांना लावलेला पदर यांवाचून आपले कथावाङ्मय एक पाऊलही पुढे सरकत नाही. त्या मानाने कासोट्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही, आणि धुण्याविषयी तर जवळजवळ नाहीच. आमच्या मते कामावर जाणाऱ्या आईच्या वस्त्राचा इतिहास पदरापेक्षा या दोन गोष्टींत अधिक सापडतो: वस्त्र नेसल्यावर हात आणि पाय किती मोकळे राहतात, आणि ते धुवायला किती पाणी व किती वेळ लागतो.

नऊवारी ही आज सणासमारंभाची, लावणीची, फार तर लग्नातील हौसेची बाब झाली आहे. त्यामुळे ते मुळात कामाचे वस्त्र होते, याचा विसर पडतो. कासोटा घातला की पाय स्वतंत्र होतात. चिखलात वाकून लावणी करता येते, विहिरीच्या पायऱ्या उतरता येतात. कनवटीला पैसे राहतात. पदराची ओटी केली की वेचलेला कापूस किंवा शेंगा त्यात मावतात. चोळीची गाठ पुढे असल्याने बांधावर बसून लेकराला पाजता येते. ही सोय कोणा शिंप्याने योजलेली नव्हती. एका अखंड वस्त्रातून ती नेसणारीनेच काढली होती. अमेरिकेत १८५१ च्या सुमारास अमेलिया ब्लूमर आणि तिच्या मैत्रिणींनी आखूड झग्याखाली विजार घातली, तेव्हा केवढी टिंगल झाली! त्याच वर्षी मराठवाड्यातील कुणबिणी कासोटा खोचून निंदणी-खुरपणी करीत होत्या आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

जाडेभरडे सुती लुगडे भिजले की जड होते, पिळायला दोन माणसे लागतात आणि पावसाळ्यात ते दोन दिवस वाळत नाही. ज्या घरात नेसते आणि वाळते अशी दोनच लुगडी असत, तेथे ही गोष्ट लहान नव्हती. मध्ये विरले की तो भाग कापून धडके तुकडे एकमेकांना शिवायचे, म्हणजे लुगड्याला दंड घालायचा. दंडही टिकेना झाला की त्याची बाळोती आणि दुपटी होत, आणि शेवटी वाकळ. आईच्या अंगावर वर्षानुवर्षे मऊ झालेले कापड असे लेकराच्या अंगाखाली जाई.

स्त्रीच्या नोकरीचा मराठी इतिहास सांगताना आपण १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात सुरू झालेल्या शाळेपासून आरंभ करतो. सावित्रीबाई फुले शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या दुसरे लुगडे जवळ ठेवीत, ही आठवण आपण विद्यार्थ्यांना धैर्याचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या दुसऱ्या लुगड्याकडे वस्त्र म्हणून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. शिकवणाऱ्या स्त्रीला कामासाठी आणि वाटेसाठी अशी दोन वेगळी वस्त्रे प्रथमच लागली, आणि मळलेले लुगडे घरी येऊन धुण्याचे काम तिच्या दिवसात वाढले.

पुढे शिक्षणाबरोबर वस्त्राचे मानही बदलले. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत गेल्या; नऊवारीत घोटे-पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून तेथे त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरातील शिकलेल्या मुलींनी कासोटा सोडून गोल पातळ स्वीकारले. सकच्छ की विकच्छ, या प्रश्नावर तेव्हा घरोघरी वाद झाले. गोल पातळ ही त्या काळी बंडखोरी होती. गंमत अशी की दोनेक पिढ्यांत तेच शालीनतेचे एकमेव माप ठरले आणि कासोटा ‘गावंढळ’ झाला. पायांचा मोकळेपणा गेला तो सुशिक्षितपणाच्या नावाखाली, असे म्हटले तर आमच्या काही सहकाऱ्यांना राग येईल. पण बसच्या उंच पायरीवर निऱ्या सावरत चढणाऱ्या शिक्षिकेला विचारून पाहावे.

कायद्यानेही या वस्त्राकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये कामगार स्त्रियांसाठी प्रसूती-लाभाचा कायदा झाला. आई कामावर असते, हे सरकारने मान्य केल्याची ती खूण होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात मात्र चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी किंवा तेलपाणी करायचे तर ते अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या, प्रशिक्षित प्रौढ पुरुषानेच करावे आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असे लिहिले होते. त्याच कलमाने इजेचा धोका असेल तेथे स्त्रीला चालू यंत्र साफ करण्यास मनाई केली. पुरुषाला कपडे मिळाले, स्त्रीला मनाई. साडीऐवजी तिलाही कामाचा पोशाख देता येईल, ही शक्यता त्या कलमात डोकावतही नाही.

१९८२ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणगावातील संप सुरू झाला आणि सुती कापडाच्या गिरण्यांचा भोंगा थांबला. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. एक गोष्ट दुसरीचे कारण होती असे नव्हे. परंतु आमच्या आयांच्या अंगावरचे कापड ज्या काळात बदलले, तो काळ हाच.

आमच्यापैकी एकीची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सुती साडी म्हणजे धुणे, नीळ, खळ, वाळवणे आणि तांब्यात निखारे घालून केलेली इस्त्री. उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणायचे, त्यातील एक हंडा एका साडीला. पॉलिस्टरची साडी आली आणि हे सारे संपले. रात्री अर्ध्या बादलीत खळबळून दोरीवर टाकली की सकाळी तयार. निऱ्या जशाच्या तशा, रंग तसाच. ‘मला त्या साडीनं रोज तासभर दिला,’ असे आई अजूनही म्हणते. खादी आणि हातमाग यांच्या बाजूने आम्हीही पुष्कळ बोललो आहोत. पण पाणीटंचाईच्या मुलखात त्या तासाची किंमत धरल्याविना कापडाची नीती ठरवता येत नाही, हे आम्हाला उशिरा कळले.

अर्थात त्या तासाची भरपाईही द्यावी लागली. मे महिन्याच्या उन्हात ते कापड घाम शोषत नाही. स्टोव्हच्या भडक्यात ते वितळून कातडीला चिकटते. आणि त्याची बाळोती होत नाहीत.

पंजाबी ड्रेसने पाय पुन्हा मोकळे केले, हे खरे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा एका महाविद्यालयात प्राध्यापिकांनी साडीच नेसावी असा अलिखित दंडक होता. बाळंतपणाची रजा संपवून परतलेल्या सहकारिणीलाही त्यातून सूट नव्हती. ती मात्र वेगळेच सांगायची: साडीत पदराआड बाळाला पाजता येते, कुर्त्यात येत नाही, अडचण आहे ती निऱ्यांची आणि जिन्याची. तिचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही, कारण चर्चा सोयीची नव्हती, संस्कृतीची होती. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी निर्णय काढला. त्यात शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता व दुपट्टा असे नमूद आहे. जीन्स आणि टी-शर्ट वर्ज्य. पर्याय वाढला हे चांगलेच. तरी पाच-सहा तास उभे राहून शिकवणाऱ्या आणि घरी तान्हे मूल असणाऱ्या बाईला कसले वस्त्र सोयीचे, हा प्रश्न अशा निर्णयांच्या कक्षेत अजून आलेला नाही.

या सर्वांहून सोयीचे उत्तर आमच्या भागातील ऊसतोड मजूर स्त्रियांनी काढले आहे. बीड-धाराशिवच्या डोंगरपट्ट्यातून दर हंगामात जोडपी कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उसाचे पान धारदार असते, हात चिरून काढते. म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, बटणे लावून, डोक्याला फडके, साडी वर खोचलेली, म्हणजे पुन्हा कासोट्याच्याच वाटेवर. सदऱ्याला खिसा असतो, त्यात मोबाइल राहतो. शिवाय समोरची बटणे उघडून फडातच लेकराला पाजता येते. हा पोशाख कोणी मंजूर केला नाही, कोणी त्याला नावही दिले नाही.

पण सदरा पानापासून वाचवतो, खाड्यापासून नाही. कामावर न गेल्यास पैसे कापले जातात. फडावर न्हाणीघर नाही, पाळीची फडकी धुवायला आणि वाळवायला आडोसा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात पोचला आणि चौकशी समिती नेमली गेली. त्या चर्चेत रुग्णालये आली, मुकादम आले. कापड धुण्याच्या पाण्याची गोष्ट मात्र मागेच राहिली.

येरमाळ्याहून परतताना डोंगरउताराच्या शेतांभोवती हल्ली एक नवेच दृश्य दिसते. जुन्या पॉलिस्टरच्या साड्या खांबाखांबांना बांधून रानडुकरांसाठी कुंपण केलेले असते. ऊन-पावसातही त्यांचे रंग उतरत नाहीत. गुलाबी, मोरपंखी, पोपटी. बसच्या खिडकीतून त्या कुंपणाकडे पाहत शेजारची एक आजी म्हणाली, ‘ती मधली, हिरवी, माझ्या सुनेची.’