सुरांच्या कुलपाची कुळकथा

यूएसबीत खोचायची बोटाएवढी किल्ली, म्हणजे डाँगल, संगीताच्या घरात जन्मली नाही. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये कमोडोर पेट या संगणकासाठी ‘वर्डक्राफ्ट’ नावाचा वर्ड प्रोसेसर निघाला. त्याच्या प्रती फुकट फिरू नयेत म्हणून कॅसेट जोडायच्या सॉकेटात सर्किटचा एक छोटा तुकडा बसवावा लागे. आत एक साधी शिफ्ट रजिस्टर चिप. तिच्याकडून ठरलेले आकडे मिळाले तरच प्रोग्राम काम करी. पुढे आकार बदलले, भाव बदलले, तत्त्व मात्र हेच राहिलं.

संगीतात ही किल्ली रुळली ती अटारी एसटीमुळे. १९८५ साली आलेल्या या संगणकाला मिडीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडायची, सॉकेटं मुळातच होती आणि डाव्या बाजूला कार्ट्रिजसाठी एक खाच होती. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने १९८९ मध्ये ‘क्यूबेस’ हा संगीताचा प्रोग्राम आणला, त्याची किल्ली याच खाचेत बसे. सी-लॅबच्या ‘नोटेटर’चीही तिथेच. खाच एक, किल्ल्या दोन! एक प्रोग्राम सोडून दुसरा उघडायचा तर संगणक बंद करा, किल्ली बदला, पुन्हा चालू करा. शेवटी स्टाइनबर्गनेच अनेक किल्ल्या एका वेळी बसवता येतील असा ‘की एक्स्पांडर’ विकायला काढला. कंपनीच्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळायचं यंत्र, आणि तेही गिऱ्हाइकाच्या पैशाने! या व्यवहारात झळ कुणी सोसायची, ते तिथेच ठरून गेलं.

१९९६ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी ही प्लग-इनची, म्हणजे मुख्य प्रोग्रामात जोडायच्या छोट्या प्रोग्रामांची, पद्धत आणली आणि ती इतर कंपन्यांनाही खुली केली. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात वाद्यंही बसू लागली. एखाद्याने घरी बसून सिंथेसायझर लिहावा आणि जगभर विकावा, हे शक्य झालं. चोरीही तितकीच सोपी झाली. दोन-चार माणसांच्या कंपनीचं पोट अशा चोरीने मारलं जातं, म्हणून कुलूप लावणाऱ्यांचा मला राग येत नाही. राग येतो तो कुलपाच्या तऱ्हेचा.

२००० नंतर स्टुडिओंमध्ये यूएसबी किल्ल्यांची दोन मोठी घराणी नांदली: अमेरिकेतल्या पेस कंपनीची आयलॉक आणि सिंक्रोसॉफ्टची, जी स्टाइनबर्ग वापरी आणि जिला पुढे ईलायसेन्सर म्हणू लागले. परवाना किल्लीतच राहणार. किल्ली हरवली की तिच्यातली सगळी वाद्यं मुकी. हरवल्यावर काम अडू नये म्हणून आयलॉकवाल्यांनी तात्पुरत्या परवान्यांची सोय काढली, पण तिचं वार्षिक शुल्क वेगळं. जून २०१३ मध्ये पेसने परवान्यांचा कारभार नव्या व्यवस्थेत हलवला, तेव्हा रीतसर पैसे मोजलेल्या अनेकांची वाद्यं दिवसेंदिवस उघडेनात. फोडलेली प्रत वापरणारे मात्र निवांत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हळूहळू मोठेही या किल्लीला कंटाळले. ॲपलने २००७ मध्ये आपल्या ‘लॉजिक’ या संगीताच्या प्रोग्रामची किल्ली काढून टाकली. स्टाइनबर्गने २०२२ च्या क्यूबेस १२ पासून ती सोडली आणि २० मे २०२५ ला ईलायसेन्सरची सेवा बंद केली. जे जुने परवाने नव्या व्यवस्थेत गेले नाहीत, ते हातातली किल्ली धड आहे तोवर चालतील. ती बिघडली की दाद मागायला दार उरलेलं नाही.

दुसरी वाट होतीच. बर्लिनची यू-ही कंपनी साध्या सीरियल नंबरवर आपले सिंथेसायझर वर्षानुवर्षं विकते आहे. ‘सर्ज’ हा एके काळी विकला जाणारा सिंथेसायझर तर त्याच्या कर्त्याने, क्लास योहान्सनने, २०१८ मध्ये मूळ कोडसकट सर्वांना खुला केला. आज स्वयंसेवक तो ‘सर्ज एक्सटी’ या नावाने वाढवताहेत.

घरी गाणी रचणाऱ्या, पार्श्वसंगीत करणाऱ्या वाचकांना एक कळकळीची विनंती. सिंथेसायझर विकत घ्या, चोरू नका. पण घेण्याआधी परवाना कुठे राहतो आणि संगणक बदलल्यावर काय करावं लागतं, हे विचारून घ्या. आणि गाणं पूर्ण झालं की नुसती प्रोजेक्ट फाइल ठेवून थांबू नका. प्रत्येक ट्रॅक वेगळा रेंडर करून वेव्ह फाइलमध्ये जपून ठेवा. ती फाइल उघडायला कुणाचा परवाना लागत नाही.