दुर्बीण कुठे लावायची?

पोस्ट जरा लांबलीय. सवडीने वाचा.

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात बैठक होती. विषय एकच, पर्यटकांनी किनाऱ्यावर कुठले कपडे घालावेत याचा फलक लावायचा. दोन तास चर्चा रंगली. बातमीसाठी मीही बसलो होतो. उठता उठता एक वयस्कर मच्छीमार काका म्हणाले, "फलक लावा, पण रात्रीची खाडीतून वाळू जाते, तेचा फलक कोण लावतलो?" कोणी काही बोललं नाही. खरं सांगतो, मीही बातमीत फलकच दिला. वाळूचं वाक्य राहून गेलं.

तेव्हापासून एका दूरच्या किनाऱ्याचा इतिहास डोक्यात घोळतोय.

माऊई हे हवाई बेटांमधलं दुसरं मोठं बेट. १०,०२३ फूट उंचीच्या हालेआकाला पर्वतावरचा सूर्योदय, हानाकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता, मोलोकिनीच्या अर्धचंद्रासारख्या खडकाजवळचे रंगीत मासे, हे सगळं बघायला जगभरातून लोक तिथे जातात. बेटाच्या दक्षिणेला मकेना. तिथला मोठा किनारा संपतो तिथे पुऊ ओलाई नावाची ज्वालामुखीच्या राखेची टेकडी आहे. तिच्या दगडांवरून चढून पलीकडे उतरलं की एक लहानशी पुळण लागते. नाव 'लिटल बीच'. इथे अंगावर कपडे ठेवायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. हे कायद्याने नाही बरं का, वहिवाटीने. हा भाग सरकारी उद्यानात येतो आणि उद्यानाच्या नियमात नग्नतेला बंदीच आहे. तरी वर्षानुवर्षं रविवारी संध्याकाळी तिथे ढोल वाजायचे आणि लोक नाचायचे.

काहीजण म्हणतात, जुन्या हवाईत लोक असेच राहायचे. ते काही खरं नाही. पुरुष मालो नेसत, म्हणजे आपल्या लंगोटासारखं वस्त्र. बायका कमरेला पाऊ गुंडाळत. वाउके नावाच्या झाडाची साल कुटून कुटून त्याचं कापड करत, त्याला कापा म्हणतात. त्यावर सुंदर नक्षी उठवत. उष्ण बेटावर जेवढं लागतं तेवढं अंगावर होतं, आणि त्यात कोणाला लाज वाटत नव्हती.

१८२० मध्ये 'थॅडियस' जहाजातून अमेरिकन मिशनरी आले. ज्या बोस्टनच्या मंडळाने त्यांना धाडलं, त्याच मंडळाचे मिशनरी सात वर्षं आधी, १८१३ मध्ये, आपल्या मुंबईत उतरले होते. १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू झालं ते याच अमेरिकन मिशनमुळे. म्हणजे आमच्या धंद्याचंही त्यांच्याशी जुनं नातं आहे. हवाईत जहाज किनाऱ्याला लागतंय न लागतंय तोच राजघराण्यातल्या कालाकुआ राणीने मिशनरी बायकांकडून झगा शिवून मागितला. जहाजाच्या डेकवरच शिवण सुरू झालं. तो सैल, पायघोळ झगा पुढे 'होलोकू' झाला आणि आज हवाईचा पारंपरिक पोशाख म्हणून मिरवतो! १८३० मध्ये ख्रिस्ती झालेल्या काहुमानू राणीने हुला नाच चारचौघांत करायला बंदी घातली.

मिशनऱ्यांना सरसकट झोडपायचं नाही. त्यांनी हवाई भाषेला लिपी दिली, शाळा काढल्या. माऊईवरच्या लाहैना बंदरात देवमासे मारणाऱ्या जहाजांवरचे खलाशी स्थानिक बायकांसाठी धुडगूस घालायचे. बायकांनी जहाजावर जायचं नाही असा नियम झाला, तर १८२७ मध्ये एका जहाजाने मिशनरी रिचर्ड्सच्या घराच्या दिशेने तोफा डागल्या. म्हणजे तेव्हाही लाजेच्या प्रश्नामागे सत्तेचा प्रश्न होताच. पुढे १८९३ मध्ये राणीचं राज्य उलथलं, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेने गिळली, १९५९ मध्ये ती अमेरिकेचं राज्य झाली.

आता मुद्द्यावर येतो. साठच्या दशकाच्या शेवटी मकेनाला हिप्पींचे तळ पडले. आपल्या शेजारी गोव्यात हणजुण्याला लोकांनी जे पाहिलं, तेच तिथेही. फेब्रुवारी १९६९ मध्ये पोलिसांना फोन आला, पुऊ ओलाईच्या किनाऱ्यावर लोक नागडे पडलेत. पोलीस टेकडीच्या धारेवर चढले. उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि दुर्बिणीतूनही पाहिलं. खाली ऊन खात पडलेल्या दोघांवर खटला झाला. आरोप, सार्वजनिक उपद्रव. १९७० मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

निकाल बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. किनारा सगळ्यांचा आहे, दुसऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं वागू नये, हे म्हणणं मलाही पटतं. पण त्या टेकडीवरून दुर्बीण जराशी समुद्राकडे वळवली असती तर काय दिसलं असतं? समोर दहा-अकरा किलोमीटरवर कहोओलावे बेट. हवाईच्या लोकांचं पवित्र बेट. १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर सैन्याने ते ताब्यात घेतलं आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं त्यावर सरावासाठी बॉम्ब टाकले. १९६५ मध्ये तर एकेका वेळी ५०० टन टीएनटी, असे तीन स्फोट केले. दोघांवर खटला झाला त्याच १९६९ मध्ये माऊईच्या जमिनीवर नौदलाचा एक न फुटलेला बॉम्ब सापडला. त्याला मात्र कोणी सार्वजनिक उपद्रव म्हणालं नाही. तो देशाचा सराव होता.

ते बदललं ते स्थानिकांनी. जानेवारी १९७६ मध्ये नऊजण बंदी मोडून बेटावर उतरले. आंदोलनातला गायक जॉर्ज हेल्म आणि त्याचा साथी किमो मिचेल मार्च १९७७ मध्ये त्याच समुद्रात बेपत्ता झाले, ते परत आलेच नाहीत. बॉम्बफेक थांबायला १९९० उजाडलं. १९९४ मध्ये बेट हवाईला परत मिळालं. सुरुंग-बॉम्ब वेचायचं काम त्यानंतर कितीतरी वर्षं चाललं, तरी आजही त्या बेटावर मोकळेपणाने फिरता येत नाही.

उघडं अंग पटकन दिसतं. त्यासाठी फोन करायला हिंमत लागत नाही, आणि कारवाई करायलाही लागत नाही. बेट उद्ध्वस्त होताना दिसतं, पण त्याविरुद्ध बोलायची किंमत हेल्म आणि मिचेल यांनी चुकवली तशी असते.

आपला सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पाहुणे येणार, त्यांनी गावाचा मान राखावा, फलकही खुशाल लावा. माझी त्याला हरकत नाही. पण फलक लावायला जी माणसं जमतात, ती रात्री खाडीवर का जमत नाहीत? त्यात मीही आलो. काकांचं ते वाक्य मी तेव्हा छापलं नाही, म्हणून आज इथे लिहिलं.

तुमच्या गावच्या किनाऱ्यावर खरा उपद्रव कशाचा आहे? कमेंटमध्ये लिहा. पुढची बातमी तिथूनच करू.