दगडापेक्षा वीट मऊ

मतदाराचे हे गणित खानदेशाला नवे नाही, असे आम्ही समजतो. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला, खेड्यात भरलेल्या पहिल्याच काँग्रेस अधिवेशनात, १९३५ चा कायदा साफ धिक्कारला गेला. आणि त्याच अधिवेशनात त्याच कायद्याखालची निवडणूक लढवायचेही ठरले! मंत्रिपदे घ्यावीत की नाही, हा अवघड प्रश्न तेवढा पुढे ढकलला. जळगाव-धुळ्याच्या मतदाराने काय करावे? मत न द्यावे, तर कायदेमंडळ सरकारच्या मर्जीतल्यांना मोकळे. मुंबई इलाख्यात १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या, खेर मंत्रिमंडळ आले. १९३८ मध्ये त्याच मंत्रिमंडळाने संपांवर बंधने घालणारे विधेयक आणले. ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी त्याविरुद्ध संप केला. वीटही लागतेच की! रागावलेल्या मतदाराला विधिमंडळासाठी पुन्हा मत मिळाले ते मात्र १९४६ मध्ये.