चक्राकार अवतरण (उपग्रह-दिक्‌चालनानुसार)

मेघाच्छादित आकाशातून उपग्रहांच्या संकेतांवर विसंबून विमानतळाच्या सन्निध खाली येत असता, ढगांच्या तळाखाली धावपट्टी दृष्टीस पडल्यावर, आगमनाची दिशा सोडून वाऱ्यास अनुकूल अशा दुसऱ्या दिशेच्या धावपट्टीकडे कमी उंचीवरून वळसा घेऊन विमान उतरविण्याची पद्धती. वैमानिक तीस ‘सर्कलिंग’ म्हणतात. लहान विमानांच्या बाबतीत आगमनमार्ग व धावपट्टी यांतील कोन ३०° हून अधिक असल्यास सरळ अवतरणाची मुभा नसते. अशा पद्धतीच्या नावात धावपट्टीचा क्रमांक न घालता केवळ अक्षर घालतात.

भारतात अशा उपग्रह-आधारित दिक्‌चालनास ‘गगन’ प्रणालीने बळकटी आणली. भारतीय अंतराळ संशोधन संस्था व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ती उभारली असून जीसॅट-८ (२०११) व जीसॅट-१० (२०१२) या उपग्रहांवरून जीपीएसच्या दुरुस्त्या प्रसारित होतात. २०१५ मध्ये उभ्या मार्गदर्शनासह आगमनास तिला मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे एका एटीआर प्रवासी विमानाने तिच्या आधारे अवतरण केले.

पद्धती : अंतिम टप्प्यात दर्शकाची सुई टोकाला जाण्यास मार्गापासून ०·३ सागरी मैलाचे विचलन पुरते, म्हणजे यंत्र विमानास अत्यंत काटेकोरपणे आणून सोडते, मात्र चक्राकार अवतरणासाठी ठरविलेल्या किमान उंचीवर आल्यानंतर हा काटेकोरपणा वैमानिकाच्या उपयोगी पडत नाही, कारण पुढील वळसा कोणत्याही सुईने आखलेला नसून तो सर्वस्वी डोळ्यांनी घ्यावयाचा असतो. उभे मार्गदर्शन उपलब्ध असले, तरी त्याच्या मागे लागून या उंचीखाली उतरता येत नाही. उतरावयाच्या धावपट्टीची मध्यरेषा जीपीएसच्या पडद्यावर लांबवून ठेवण्याची चाल पुष्कळ शिक्षक शिकवितात व ती उपयुक्तही आहे. तथापि त्या रेषेपासून अडथळ्यांचे संरक्षण मिळत नाही, हे विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी सांगावयास हवे.

संरक्षित क्षेत्र : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानांचे वर्ग धावपट्टीच्या उंबरठ्यावरील वेगावरून पडतात. अ वर्गास ९१ नॉटपेक्षा कमी, ब वर्गास ९१ ते १२० नॉट अशी मर्यादा असून वळसा घेताना अनुक्रमे १०० व १३५ नॉटपर्यंत वेग गृहीत धरतात. समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीवरील विमानतळासाठी दिलेल्या नमुन्यात संरक्षित क्षेत्राची त्रिज्या अ वर्गास सुमारे ३·१ किमी., तर ब वर्गास ४·९ किमी. येते. या क्षेत्रातील सर्वांत उंच अडथळ्याच्या वर दोन्ही वर्गांस किमान ९० मीटर मोकळीक ठेवतात. वेग वाढला की विमानाने वरच्या वर्गाच्या मर्यादा पाळल्या पाहिजेत, ही गोष्ट व्यवहारात वारंवार दुर्लक्षिली जाते. ९० नॉट वेगाने व २०° कलाने घेतलेल्या वळणाची त्रिज्या सुमारे ६०० मीटर असते. १२० नॉटला तीच एक किलोमीटरच्या वर जाते. धावपट्टीला समांतर जाताना पाठीमागचा वारा असला, तर वैमानिकास वेग वाढल्याचा भास होऊन तो नकळत विमानाचा वेग घटवितो, मग शेवटच्या वळणात धावपट्टी मागे सुटत आहे असे दिसताच कल वाढवितो, आणि कमी उंचीवर या दोहोंचा संयोग झाला म्हणजे पंखांची उचल तुटते. २६ जुलै २०२१ रोजी कॅलिफोर्नियातील ट्रकी येथे जीपीएस आगमनानंतरच्या वळशात एक चॅलेंजर जेट कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २७ डिसेंबरला सॅन दिएगोजवळ अशाच प्रसंगी एक लिअरजेट कोसळले व चौघांचा अंत झाला.

कोल्हापूरचे उदाहरण : संस्थानाच्या अमदानीत ५ जानेवारी १९३९ रोजी सुरू झालेला, करवीर तालुक्यातील उजळाईवाडी येथील हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. धावपट्टीची दिशा ०७/२५. पूर्वी ती १,३७० मीटर होती, अलीकडे वाढविली आहे. उष्ण दिवशी या उंचीवर हवा विरळ असल्याने वेगदर्शकावर तोच आकडा दिसत असूनही वळणाची त्रिज्या एक-दशांशाहून अधिक वाढते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असल्याने २५ ही दिशा सोयीची पडते, आणि तीवर सरळ येणारे विमान हातकणंगले तालुक्याच्या शिवारावरून येते. हातकणंगले गाव विमानतळाच्या ईशान्येस, सरळ रेषेत सुमारे १८ किमी. असून लांबविलेल्या मध्यरेषेच्या किंचित उत्तरेस राहते. तालुक्यातील रामलिंग व बाहुबली येथील डोंगर वळशाच्या क्षेत्राबाहेरचे; त्यांचा विचार अगोदरच्या उतरणीच्या टप्प्यांत करावा लागतो. उलट, पश्चिमेकडून ०७ च्या रोखाने आलेल्या लहान विमानास पश्चिमेचा जोरदार वारा असल्यास वळसा घेणे भाग पडते, आणि सह्याद्रीकडून सरकत येणारे ढग नेमके त्याच वेळी तळ खाली आणतात. चालू पद्धती व किमान उंची प्राधिकरणाच्या अधिकृत पत्रकांतूनच घ्याव्यात.

रात्री : असा वळसा घ्यावा की नाही याविषयी मतभेद आहेत, अनेक विमान कंपन्या आपल्या वैमानिकांस त्याची मनाई करतात.

माघार : वळशात असता धावपट्टी दिसेनाशी झाली, तर प्रथम उतरावयाच्या धावपट्टीकडे वळत चढावे व तेथून विहित माघारमार्ग धरावा. जीपीएस यंत्र माघारबिंदूपाशी पुढील टप्प्यांचा क्रम थांबवून ठेवते. तो वैमानिकाने स्वतः बटण दाबून सुरू करावा लागतो, आणि हे बटण चढण स्थिर झाल्यानंतरच दाबावे.