५७ पैकी ५४: आतड्याच्या कर्करोगाचा रस्ता कसा सापडला?

संशोधनाचा प्रश्न कुठून शोधायचा, असं बरेच जण विचारतात. आज एक जुनी गोष्ट सांगतो.

लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स १८९९ ते १९०६ या काळात गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग खालच्या बाजूने काढत असत. अशा ५७ रुग्णांपैकी ५४ जणांचा आजार परत आला. माइल्स यांनी हा आकडा लपवला नाही. दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं करून आजार नेमका कुठे परतला, हे पाहिलं. कर्करोग लसिकावाहिन्यांतून वर, बाजूला आणि खाली असा तिन्हीकडे पसरतो, असं त्यांचं मत झालं.

म्हणून १९०८ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये नवी शस्त्रक्रिया मांडली: आधी पोट उघडून वरच्या लसिका ग्रंथींसह आतडं सोडवायचं, मग खालून गुदद्वारासकट सगळं काढायचं. पहिल्या १२ पैकी ५ रुग्ण दगावले. वाचलेल्यांना जन्मभर पोटावर केलेल्या वाटेने शौच करावं लागे.

पुढे सेंट मार्क्स हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गुदाशयांतल्या ग्रंथी शोधून तपासल्या. १९३२ मध्ये त्यांनी टप्पे मांडले. 'ए' म्हणजे आजार भिंतीतच, 'बी' म्हणजे भिंतीबाहेर पण ग्रंथी मोकळ्या, 'सी' म्हणजे ग्रंथींत पोचलेला. त्यांना दिसलं की आजार मुख्यतः वरच्या दिशेनेच सरकतो. खाली पसरणं विरळच, तेही बहुधा वरचा रस्ता तुंबल्यावर. मग प्रत्येकाचं गुदद्वार काढायची गरज उरते का? पुढच्या दशकांत, गाठ पुरेशी वर असेल तर ते वाचवणाऱ्या शस्त्रक्रिया वाढत गेल्या.

मग माइल्स चुकले का? वरच्या ग्रंथी काढायलाच हव्यात, हे त्यांचं म्हणणं टिकलं. फरक नमुन्यात होता, असं मला वाटतं. माइल्स यांच्यासमोर आजार परतून दगावलेले रुग्ण होते, म्हणजे शेवटची अवस्था. ड्यूक्स यांच्यासमोर शस्त्रक्रियेच्या दिवशीचं आतडं होतं. शेवटी जे दिसलं, ते सुरुवातीपासून तसंच होतं असं धरता येत नाही.

म्हणून पेपर वाचताना वहीत दोन रकाने पाडा: काय दिसलं, आणि त्यावरून काय मानलं. शेजारी लिहा, नमुना कुठल्या टप्प्यावरचा होता. तुमचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडेल.